इतिहास-संशोधनाची अधिछात्रवृत्ती: पाच आक्षेपांचा प्रतिवाद

भारताचा इतिहास, इथली समाजरचना आणि इथल्या माणसांची ओळख यांवर संशोधन करणाऱ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्त्या सध्या दोन बाजूंनी कोंडीत सापडल्या आहेत. एकीकडे त्यांची संख्या आणि विषय आवळले जात आहेत, दुसरीकडे त्यांची गरजच काय, असे उघडपणे विचारले जात आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२२-२३ साठी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वेगवेगळ्या समाजघटकांसाठी काम करणाऱ्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तींवर प्रत्येकी २०० जागांची मर्यादा आली. त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूर अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा प्रश्न विधान परिषदेत सरकारच्या बाजूने विचारला गेला. त्यावर पुढे खुलासा झाला आणि वाद शमला. प्रश्नामागची समजूत मात्र शमली नाही, कारण ती एका मंत्र्याची नाही. सुशिक्षित घरांतही ती ऐकू येते.

या समजुतीतून पाच आक्षेप निघतात. इतिहासाच्या संशोधनाचा समाजाला उपयोग नाही, हा पहिला. खऱ्या अभ्यासकाला पैसा लागत नाही, राजवाड्यांना कोणती वृत्ती होती, हा दुसरा. भारताचा इतिहास भारतातच शिकावा, त्यासाठी परदेशी पाठवण्याचे कारण नाही, हा तिसरा. वृत्तीचा पैसा निकृष्ट प्रबंधांवर वाया जातो, हा चौथा. सरकारी पैशातून देशाचा अभिमान वाढवणारा इतिहासच लिहिला जावा, हा पाचवा. हे पाचही आक्षेप वस्तुस्थितीच्या कसोटीवर टिकत नाहीत. वृत्ती बंद केल्याने इतिहास लिहिला जायचा थांबत नाही. वर्षानुवर्षे कमाई न करता जगण्याची ज्यांची ऐपत आहे, त्यांच्याच हाती तो जातो.

वृत्ती कशासाठी लागते

आक्षेपांकडे जाण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहिले पाहिजे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यातला एक रुमाल सोडून एक कागद वाचायचा, तर आधी मोडी यावी लागते. मोडीत शब्द सुटे पाडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असते. अक्षर लागले तरी अर्थ लागतोच असे नाही, कारण मजकुरात फारसी महसुली शब्द दाट पेरलेले असतात. तारीख बहुधा शुहूर सनात असते आणि तो सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. शक, हिजरी आणि फसली यांचा मेळ घालून ती इसवी सनात आणावी लागते. मग कागद अस्सल की बनावट, मूळ की नक्कल, हे ठरवायचे. वतनाच्या भांडणांत खोटे कागद सर्रास तयार होत, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही.

एवढे करून हाती येतो तो एक तपशील. असे शेकडो तपशील जुळले की एखादा निष्कर्ष उभा राहतो, आणि पुष्कळदा काही वर्षांच्या कामानंतर मूळ तर्कच चुकीचा होता असे दिसते. असा नकारार्थी निष्कर्षही ज्ञानात भर घालतो, पण त्यासाठी कोणी प्रकाशक आगाऊ रक्कम देत नाही. मौखिक इतिहास गोळा करणाऱ्याचीही हीच गत आहे. भटक्या-विमुक्त जमातीच्या तांड्यावर विश्वास संपादन करायलाच महिने लागतात. अधिछात्रवृत्ती हा वेळ विकत घेऊन देते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ वृत्ती ४२,००० रुपये आहे. शहरात घरभाडे भरून, ग्रंथालये आणि दफ्तरखान्यांचे प्रवास करून या रकमेत चैन होत नाही. काम होते, इतकेच.

पहिला आक्षेप: उपयोग काय?

या प्रश्नाचे उत्तर राज्य सरकारच्याच कारभारात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामकालीन कागद, जुनी महसुली दफ्तरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांचे दाखले तपासायचे होते. त्यासाठी मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे हवी होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचा शोध घ्यावा लागला. लाखो कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न एका लिपीच्या जाणकारांवर येऊन ठेपला. संशोधनवृत्तीच्या उपयोगाविषयी सभागृहात शंका घेतली गेली ती याच काळात, अवघ्या तीन महिन्यांनी.

दुसरे उदाहरण भाषेचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अहवाल दिला, तो नाणेघाटाच्या शिलालेखापासून गाथासप्तशतीपर्यंत अनेक पिढ्यांच्या अभ्यासकांनी लावून ठेवलेल्या पुराव्यांवर उभा होता. तिसरे उदाहरण किल्ल्यांचे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी आहे. असा प्रस्ताव घोषणांवर मंजूर होत नाही. प्रत्येक किल्ल्याचा बांधकामाचा क्रम आणि त्याचे लष्करी महत्त्व पुराव्यानिशी मांडावे लागते. तिन्ही प्रसंगी सरकारने श्रेय घेतले, आणि ते घेण्यात गैर काही नाही. पण ज्या कामाच्या बळावर ते मिळाले, ते काम कोणी तरी आधी बसून केलेले होते.

उपयोग एवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्रात इतिहासावरून निवडणुका लढवल्या जातात, चित्रपट अडवले जातात, मोर्चे निघतात. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला तोही शिवचरित्रविषयक एका पुस्तकाच्या निमित्ताने. जो समाज भूतकाळावरून इतका पेटतो, त्याला भूतकाळाविषयी खात्रीचे काय आहे आणि नुसते ऐकीव काय आहे, हे सांगणारी माणसे सर्वांत आधी लागतात. ती तयार करण्याचा खर्च टाळला, तर वाद थांबत नाहीत. ते पुराव्याविना चालू राहतात.

दुसरा आक्षेप: राजवाड्यांना कोणती वृत्ती होती?

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव या वादात नेहमी पुढे केले जाते. १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढणारे, बावीस खंडांचा डोंगर उपसणारे, गावोगाव पायपीट करून माळ्यावरचे कागद वाचवणारे राजवाडे वंदनीयच आहेत. पण त्यांच्या हलाखीचा दाखला देऊन आजच्या संशोधकाला उपाशी राहण्याचा सल्ला देणे हा त्यांच्या कार्याचा गौरव नव्हे. त्यांनी स्वतः १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला तो हे काम एकट्याच्या फकिरीवर चालणारे नाही, संस्थेच्या आधाराने चालले पाहिजे, हे ओळखूनच.

राजवाड्यांभोवतीची नावे तपासली की या आक्षेपातला उरलासुरला जोरही जातो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोदे संस्थानच्या नोकरीत होते, आणि सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानेच रियासतीचा पाया घातला गेला. पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले ते मुंबई सरकारच्या खर्चाने. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ अशा बत्तीस वर्षांत पूर्ण केले. त्यांच्या पाठीशी वकिलीचे उत्पन्न होते आणि प्रकाशनाला भांडारकर संस्था होती. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरचा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये निघाला तो डेक्कन कॉलेजच्या ग्रंथमालेत, आणि इरावती कर्वे यांचे संशोधनही त्याच संस्थेच्या छत्राखाली झाले. निव्वळ ध्येयवादावर पोसल्या गेल्या असे ज्यांच्याविषयी सांगितले जाते, त्या पिढ्यांना नोकरी, संस्थान, सरकार किंवा संस्था यांपैकी कशाचा ना कशाचा आधार होता.

या आधाराचा इतिहास आणखी मागे जातो. दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा हा विद्वानांना राज्याच्या तिजोरीतून दिलेला पैसाच होता, फक्त तो एकाच जातीला मिळे. इंग्रजी अमदानीत त्या निधीतून ग्रंथांना पारितोषिके आणि महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाचे दोन आधारस्तंभ वृत्तीवर उभे राहिले. सार्वजनिक पैशाने विद्या पोसण्याची रीत इथे नवी नाही. तो पैसा सर्व जातींच्या मुलामुलींपर्यंत पोचू लागला, ही मात्र नवी गोष्ट आहे, आणि उपयोगाचा प्रश्न नेमका ती घडल्यावर विचारला जाऊ लागला.

स्वकष्टाने संशोधन करण्याच्या आदर्शात एक गाळणी दडलेली असते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवरायांचा पोवाडा प्रसिद्ध केला आणि इतिहासाकडे शूद्रातिशूद्रांच्या बाजूने पाहण्याची दृष्टी दिली. त्यांना कंत्राटी व्यवसायाच्या उत्पन्नाचा आधार होता. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शाळेत शिकवत शिवचरित्र लिहिले. अशी नावे बोटांवर मोजता येतात, कारण शेतमजुराच्या, गिरणी कामगाराच्या किंवा देवदासीच्या घरातल्या मुलाला दहा वर्षे कमाईवाचून बसणे शक्यच नव्हते. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्यांच्याच घरांत तो लिहिण्याची ऐपत नव्हती. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या वृत्त्यांनी ही गाळणी प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजूला सारली. त्यांच्यावर संख्येची मर्यादा घालताना किती पैसा वाचला याचा हिशेब झाला. किती विषय पुन्हा अंधारात गेले, याचा झाला नाही.

तिसरा आक्षेप: भारताचा इतिहास भारतातच शिकावा

राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२ मध्ये या मुलांना सांगण्यात आले की परदेशी जा, पण तिथे भारताच्या समाजाचा आणि इतिहासाचा अभ्यास करू नका, कारण त्याची साधने आणि जाणकार इथेच आहेत. हा युक्तिवाद वरवर सरळ वाटतो. तो तपासायला एकच चरित्र पुरे आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांना मुंबईत बी.ए. करताना केळुसकर गुरुजींच्या शिफारशीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथे त्यांनी केलेले काम पाहावे. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. मे १९१६ मध्ये भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरचा निबंध, जो पुढच्या वर्षी इंडियन अँटिक्वरीत छापून आला. नंतर ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा प्रबंध, जो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. यातला प्रत्येक विषय भारताच्या इतिहासाचा किंवा समाजरचनेचा आहे. २०२२ ची अट १९१३ मध्ये असती, तर यातल्या एकाही विषयाला वृत्ती मिळाली नसती.

त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याला हे काम भारतात करता आले असते, असे म्हणणाऱ्यांनी १९१७ आठवावे. वृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले, कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, आणि कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पुढे प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. जातीचा अभ्यास जातीच्या पकडीबाहेरच्या वर्गात बसून करण्याची मोकळीक त्या वृत्तीने दिली होती. ही मोकळीक शंभर वर्षांनी अनावश्यक झाली आहे असे म्हणायला आधार नाही. १९४६ मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ लिहून त्यांनी तो जोतीराव फुल्यांना अर्पण केला, तेव्हा त्यामागे कोलंबियात सुरू झालेला अभ्यास होता.

साधने इथेच आहेत, हे विधानही चुकीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे दफ्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. डच कंपनीचे कागद हेगला आहेत. पोर्तुगीज कागदांचा एक मोठा साठा गोव्यात आहे, आणि त्याच्याच बळावर पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंध उलगडले, पण दुसरा मोठा साठा लिस्बनला आहे. सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास या तीन शहरांना वगळून पूर्ण होत नाही. वा. सी. बेंद्रे १९३८ मध्ये इतिहास संशोधक म्हणून इंग्लंड-युरोपला गेले ते याचसाठी. तिथल्या दफ्तरांतून आणलेल्या साधनांचा उपयोग करून त्यांनी १९६० मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. नाटकांनी आणि बखरींनी रुजवलेली राजाची प्रतिमा या चरित्राने पुराव्यांच्या बळावर पालटली. आज संभाजी महाराजांविषयी जो आदर सर्वत्र दिसतो, त्याच्या मुळाशी परदेशी दफ्तरखान्यांत जाऊन केलेली ही मेहनत आहे.

इतर देश मात्र हा संकोच पाळत नाहीत. अमेरिकी विद्यापीठांनी मिळून १९६१ मध्ये स्थापन केलेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज अमेरिकेतल्या संशोधकांना भारतात येऊन भारतावर काम करण्यासाठी वृत्ती देते. आंबेडकरी चळवळीवरचा एलिनॉर झेलियट यांचा १९६९ चा प्रबंध पेनसिल्व्हेनियात झाला. ब्राह्मणेतर चळवळीवरचे गेल ऑम्व्हेट यांचे संशोधन बर्कलेत झाले. खंडोबा-बिरोबांच्या परंपरेवर गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, फुले आणि सत्यशोधक परंपरेवर रोझलिंड ओ'हॅनलन यांचा ग्रंथ १९८५ मध्ये निघाला. या सर्वांचे महाराष्ट्रावर ऋण आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण परदेशी संशोधकाने महाराष्ट्रात येऊन दलितांच्या चळवळीवर लिहावे आणि दलित विद्यार्थ्याने मात्र परदेशी जाऊन त्याच विषयावर लिहू नये, अशी व्यवस्था कोणत्याही स्वाभिमानी देशाला शोभत नाही.

चौथा आक्षेप: पैसा वाया जातो

या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असे अनेक प्रबंध आहेत की ज्यांत दुसऱ्याचा मजकूर उचललेला आहे किंवा एकही मूळ कागद पाहिलेला नाही. पण रस्त्याला खड्डे पडले म्हणून रस्ते बांधणे कोणी बंद करत नाही. कंत्राट, देखरेख आणि साहित्य तपासले जाते. संशोधनाच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे.

निकृष्टतेची कारणे उघड आहेत. वृत्तीचे पैसे महिनोन्महिने अडतात आणि संशोधकाला तासिका तत्त्वावर शिकवत पोट भरावे लागते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहिल्याने एका मार्गदर्शकाच्या वाट्याला त्याच्या विषयाबाहेरचे विद्यार्थी येतात. मोडी, फारसी, पोर्तुगीज किंवा जुनी कन्नड शिकवण्याची सोय मोजक्या ठिकाणी आहे, त्यामुळे विद्यार्थी मूळ साधनांना बगल देऊन छापील पुस्तकांवरून पुस्तक तयार करतो. निवड परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि तीतून संशोधनाची कुवत कळत नाही. ही सर्व कारणे वृत्तीच्या रचनेतली आहेत, वृत्तीच्या कल्पनेतली नाहीत. ती दूर करणे सरकारच्या हातात आहे, आणि ती दूर न करता वृत्तीच कमी करणे म्हणजे दोष व्यवस्थेचा आणि शिक्षा विद्यार्थ्याला.

संशोधनात सर्वच प्रयत्न फळत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये काम अपुरे ठेवूनच वारले. मधल्या कोणत्याही वर्षी या प्रकल्पाकडे वार्षिक निष्पत्तीचा तक्ता मागितला असता, तर तो अपयशी ठरला असता. आज जगात कुठेही महाभारतावर गंभीर काम करणारा या आवृत्तीपासून सुरुवात करतो.

पाचवा आक्षेप: सरकारी पैशातून अभिमानाचाच इतिहास हवा

हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. पैसा जनतेचा, म्हणून निष्कर्ष जनतेला आवडणारा हवा, असा हा हिशेब आहे. त्याला महाभारताच्या त्याच आवृत्तीने उत्तर दिले आहे. तिला औंधच्या पंतप्रतिनिधींपासून अनेक संस्थानिकांचे आणि सरकारांचे साहाय्य होते, आणि देणाऱ्यांत श्रद्धाळू लोक पुष्कळ होते. तरीही गणपतीने व्यासांचा लेखक होऊन महाभारत उतरवून घेतल्याची कथा जुन्या हस्तलिखितांच्या साक्षीने मूळ संहितेतून बाजूला काढून परिशिष्टात ठेवली गेली. घरोघर गणपती बसवणाऱ्या महाराष्ट्रात, पुण्यात बसून, संपादकांनी हा निर्णय घेतला आणि कोणत्याही आश्रयदात्याने पैसे परत मागितले नाहीत. त्या प्रामाणिकपणामुळेच आवृत्तीला जगभर मान मिळाला. देणाऱ्याला आवडेल ते लिहिले असते, तर ती पोथीच्या आणखी एका छपाईपेक्षा अधिक काही झाली नसती.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय इतिहास संशोधन परिषदेने स्वातंत्र्यलढ्याच्या कागदपत्रांचा 'टुवर्ड्स फ्रीडम' हा प्रकल्प हाती घेतला होता. २००० मध्ये सुमित सरकार आणि के. एन. पणिक्कर यांनी संपादित केलेले दोन खंड छापखान्याच्या वाटेवरून मागे घेतले गेले. ते वाचकांच्या हाती पडायला आणखी काही वर्षे जावी लागली. यात संपादकांचे जे नुकसान झाले त्याहून मोठे नुकसान परिषदेच्या प्रतिष्ठेचे झाले. ज्या संस्थेचे निष्कर्ष सरकारबरोबर बदलतात असा संशय निर्माण होतो, तिने उद्या खरे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवत नाही. हा दंडक कोणत्याही एका पक्षाच्या सरकारपुरता नाही. डाव्या विचारांच्या नेमणुकांनाही तो लागू आहे आणि उजव्या विचारांच्या नेमणुकांनाही.

अभिमानाला खऱ्या इतिहासाची भीती बाळगण्याचे कारणही नाही. शेजवलकरांनी पानिपतच्या पराभवाची कारणे परखडपणे मांडली म्हणून मराठ्यांचे शौर्य उणे झाले नाही. राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासात परंपरेला न रुचणारे निष्कर्ष काढले, आणि तरीही त्यांच्याइतका स्वदेशाभिमानी संशोधक शोधून सापडत नाही. पुराव्यावर उभा असलेला अभिमान परक्यासमोरही टिकतो. बाकीचा फक्त आपल्या सभेत टिकतो.

वृत्तीची खरी उणीव

अधिछात्रवृत्तीवर टीका करायचीच, तर ती वेगळ्या जागी केली पाहिजे. आजच्या बहुतेक सरकारी वृत्त्या पीएच.डी.च्या नोंदणीला बांधलेल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ मध्ये दिला. शरद पाटील यांनी चळवळीत राहून इतिहासमीमांसा केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथातून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या साक्षी नोंदवल्या. महाराष्ट्राची समज बदलणारे असे काम पुष्कळदा विद्यापीठांच्या प्राध्यापकवर्गाबाहेर झाले आहे. अशा लेखकांसाठी आजही धड व्यवस्था नाही. बेंगळुरूच्या न्यू इंडिया फाउंडेशनने विद्यापीठाबाहेरच्या लेखकांनाही पुस्तकासाठी वृत्ती देण्याची चांगली प्रथा पाडली, आणि मराठीसह दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांनाही ती देऊ केली. परंतु हा ओघ इंग्रजीकडे जाणारा आहे. मराठीत मूळ संशोधनाचे पुस्तक लिहिणाऱ्याला वर्ष-दोन वर्षे निश्चिंतपणे काम करू देणारी मोठी वृत्ती मराठी समाजाने आजवर उभी केलेली नाही. सहकार, साखर, शिक्षण आणि नाटक यांत संस्था उभारणाऱ्या समाजाला हे अशक्य नव्हते.

म्हणून मागणी अशी असली पाहिजे. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या वृत्तींवरची संख्येची मर्यादा गुणवत्तेच्या कसोटीने बदलावी आणि पैसे दरमहा ठरल्या तारखेला द्यावेत. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतील विषयबंदी रद्द करावी. इतिहासाच्या प्रत्येक वृत्तीला पहिल्या वर्षी लिपी आणि भाषा शिकण्याची सक्तीची जोड द्यावी. निवड विषयाच्या जाणकारांनी आराखडा आणि मुलाखत पाहून करावी आणि निवडीची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत. विषय मान्य झाल्यावर निष्कर्षात कोणीही हात घालू नये. वृत्तीधारकाने वाचलेल्या कागदांची लिप्यंतरे आणि घेतलेल्या मुलाखती सार्वजनिक संग्रहात जमा कराव्यात, म्हणजे जनतेच्या पैशाचे फळ जनतेला मिळेल. पदवीची अट नसलेली, मराठीत लिहिणाऱ्यांसाठीची स्वतंत्र वृत्ती राज्य शासनाने, विद्यापीठांनी आणि सधन मराठी संस्थांनी मिळून सुरू करावी.

बडोद्याच्या तिजोरीतून दरमहा गेलेल्या साडेअकरा पौंडांचा हिशेब त्या काळी कोणी उपयुक्ततेच्या तक्त्यात मांडला असता, तर जातीवर निबंध लिहिणारा एक विद्यार्थी, एवढीच नोंद त्यात झाली असती. देशाला त्यातून काय मिळाले हे आज सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या पिढीतला तसा विद्यार्थी कोणत्या तालुक्यात, कोणत्या वस्तीत आहे हे आधी कळण्याचा उपाय नाही. त्याच्यासाठी वृत्तीचे दार उघडे ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते बंद होऊ लागले की हिशेब मागणे हे मराठी वाचकाचे.